धोट्याची फेरी

पंख्याच्या बटणाखाली भिंतीवर अण्णांनी निळ्या खडूनं लिहून ठेवलं होतं: ‘आधी हे.’

मे महिन्यात सोलापुरात आपण होऊन पंखा बंद करणारा माणूस सापडणं कठीण. अण्णा रोज संध्याकाळी पाचला करत. मग खिडक्या लावत, दाराखालच्या फटीत पोतं सरकवत आणि घामानं निथळत आपलं ड्रोन उडवत. तळहातावर बसेल एवढं, चार पात्यांचं, मूठभर शेंगदाण्यांच्या वजनाचं. पंख्याचा झोत लागला की ते वाट सोडून भिंतीवर जाऊन आदळे.

माझे वडील त्रिंबक भवानी पेठेतल्या टॉवेलच्या कारखान्यात एकतीस वर्षं जॉबर होते. माग अडला की विणकर ज्याला हाक मारतो, तो जॉबर. निवृत्त झाल्यावर दोन वर्षांनी टेंभुर्णीला एका लग्नात त्यांनी फोटोवाल्याचं ड्रोन बघितलं आणि जेवण सोडून त्याच्या मागं मागं फिरले. शेवटी तो वैतागून म्हणाला, “काका, एक लहान घ्या आणि घरात शिका. घरात पडलं तर सापडतं तरी.” अण्णांनी ते मनावर घेतलं. आई जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. घरात आडवं येणारं कुणी नव्हतं.

त्या ड्रोनला ते धोटा म्हणत. मागावर ताण्याच्या दोऱ्यांमधून इकडून तिकडे धावणारा लाकडी धोटा त्यांनी आयुष्यभर बघितला होता. हा त्यांचा दुसरा.

अण्णा अकरा एप्रिलला गेले, सकाळी, चहा ठेवलेला असताना. मी सांगलीला एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काम करते. मी पोचले तेव्हा खालच्या मजल्यावरच्या निंगप्पाकाकांनी सगळं केलं होतं, गॅससुद्धा त्यांनीच बंद केला होता. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, वंदना झाली, माणसं आली आणि गेली. घर भाड्याचं. मालकांना ते एकतीस मेपर्यंत रिकामं हवं होतं. तेव्हा मी सुट्टी काढून तेरा मेला परत आले. अठरा दिवस, दोन खोल्या आणि सात कडी.

कड्यांबद्दल सांगायला हवं. बाहेरची खोली आणि स्वयंपाकघर, मध्ये उंबरा. या एवढ्या घरात अण्णांनी सात ठिकाणी गोल कडी टांगली होती, धोटा त्यांतून न्यायचा म्हणून. पहिलं दारापाशी, फाटलेल्या चाळणीची कड. दुसरं खाटेखाली. तिसरं पंख्याच्या आणि कपाटाच्या मध्ये, कुकरच्या जुन्या रबराचं. पुण्यानुमोदनाला आलेल्या बायकांनी त्याला आपल्या पिशव्या अडकवल्या होत्या. असं करत सातवं स्वयंपाकघरात, खिडकीजवळ: माझी शाळेतली भरतकामाची लाकडी रिंग. प्रत्येकाशेजारी खडूनं आकडा. एक ते सात गेलं की फेरी पूर्ण.

ती फेरी मी कधी बघितली नव्हती. फेब्रुवारीत अण्णांनी मला फोनवर तिचा व्हिडिओ पाठवला. तीन मिनिटं चाळीस सेकंदांचा. त्या दिवशी ग्रंथालयात तपासणीची समिती आली होती. मी तो न उघडताच अंगठ्याचं चित्र पाठवून दिलं. संध्याकाळी त्यांचा फोन आला.

“बघितलीस का फेरी?”

“बघितली. छान आहे.”

“सातवं कडं कसं वाटलं?”

“छान.”

“हां,” अण्णा म्हणाले. मग म्हणाले, “जेवलीस का?”

एप्रिलमध्ये, सगळे गेल्यावर, मी माझ्या फोनवर त्या न उघडलेल्या व्हिडिओच्या धुरकट चौकोनावर बोट ठेवलं. फाईल आता उपलब्ध नाही, पाठवणाऱ्याला पुन्हा पाठवायला सांगा, असं उत्तर आलं. अण्णांच्या फोनमध्ये जागा कमी होती. पाठवून झालं की ते आपल्याकडचं पुसून टाकत. मी त्यांच्या फोनमध्ये दोनदा, तीनदा शोधलं. वीजबिलाचे फोटो होते, एका मोटरीचे सगळ्या बाजूंनी काढलेले अकरा फोटो होते. फेरी नव्हती.

म्हणून मी ठरवलं की ती आपणच उडवायची. कडी जागेवर आहेत, धोटा आहे, रिमोट आहे. एकतीस तारखेला कडी निघतील, भिंतींना चुना लागेल. त्याच्या आत एकदा, पहिल्यापासून सातव्यापर्यंत. ती बघायचा दुसरा रस्ता उरला नव्हता.

वाचून शिकायची मला सवय आहे. मी दोन दिवस वाचलं आणि व्हिडिओ बघितले. रिमोटला दोन दांड्या असतात. डावी पुढं ढकलली की ड्रोन वर चढतं, ओढली की उतरतं. ती जिथं सोडाल तिथं राहते. उजवी सोडली की स्प्रिंगनं आपोआप मधोमध येते. तिनं पुढं-मागं, आजूबाजूला जायचं. सगळीकडं असंच सांगत होते. अण्णांच्या रिमोटवर डाव्या दांडीला पेनाचं निळं टोपण बसवलेलं होतं. मी ते काढून खणात टाकलं. त्या आठवड्यात मी घरातली अशी पुष्कळ टोपणं, दोरे, रबरं काढून टाकत होते.

पंखा बंद केला. खिडक्या लावल्या. डावी दांडी पुढं ढकलली. काही नाही. उजवी जरा हलली आणि धोटा एकदम उसळून कपाटावर आदळला. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की सगळं उलटं बसवलंय: चढ-उताराची दांडी उजवीकडं आहे आणि मधोमध येणारी डावीकडं. अण्णांचं चुकलंय, असं मी ठरवलं. सत्तरीचा माणूस, इंग्रजी जेमतेम, कुणाला विचारलंही नसेल. उलट्या रिमोटवर त्यांनी चार वर्षं काढली म्हणून मला थोडी दयासुद्धा आली.

मी धोटा लॅपटॉपला जोडला. व्हिडिओतला माणूस सांगत होता की गोंधळ झाला तर सगळ्या नोंदी पुसून मूळ स्थितीला आणा आणि नव्यानं सुरुवात करा. ते बटण लाल होतं. लॅपटॉपनं विचारलं, नक्की? आधीचं सगळं पुसलं जाईल. मी ‘हो’वर दाबलं. तीन सेकंद लागले असतील. मग त्या माणसानं सांगितलं तसं बाकीचं भरलं, बॅटरी लावली आणि डावी दांडी तळाशी धरून मोटरी चालू केल्या.

पाती फिरली. मी दांडी सोडली. ती स्प्रिंगची; सोडल्याबरोबर मधोमध परत आली, म्हणजे निम्म्या जोरावर. धोटा जमिनीवरच गिरकी घेऊन उलटा झाला, फरशीवर फरफटत गेला, उसळला, छताला लागला आणि पडला. एक पातं मोडून ओट्याखाली गेलं.

तेव्हाही मला आधी पात्याचंच वाईट वाटलं. काय पुसलं गेलं ते कळायला संध्याकाळ झाली. धोट्याच्या त्या नखाएवढ्या चौकोनी बोर्डात फक्त डावं-उजवं लिहिलेलं नव्हतं. दांडी केसभर हलली तर किती वळायचं, किती सावकाश उतरायचं, कुठं थोपवायचं, हे सगळं त्यात होतं. चार वर्षं रोज संध्याकाळी त्यांनी ते आपल्या बोटांप्रमाणे थोडं थोडं बदलत आणलं होतं. अण्णांच्या कपड्यांना त्यांचा वास राहिला नव्हता, बायकांनी धुऊन टाकले होते. त्यांच्या हाताचं म्हणून घरात काही शिल्लक असेल तर ते तिथं होतं, आणि मी ते विचार करून, दोनदा वाचून, ‘हो’ म्हणून पुसलं.

लहानपणी मी आईच्या शिवणयंत्राचा एक स्क्रू उघडला होता. अण्णा ओरडले नाहीत. त्यांनी तो हातात घेतला आणि विचारलं, “खूण केली होतीस?” जॉबर लोक कुठलाही नट सैल करायच्या आधी त्याच्यावर आणि शेजारच्या लोखंडावर मिळून एक रेघ ओढतात, परत बसवताना ती रेघ जुळली की झालं. “उघडायचं असेल तर खुशाल उघड,” ते म्हणाले होते. “पण आधी खूण.” मी तेव्हा सात वर्षांची होते. आता एक्केचाळीस.

दुसऱ्या दिवशी सकाळी निंगप्पाकाका वर आले. ते आणि अण्णा एकाच कारखान्यात, शेजारच्या खात्यांत. हातात फडक्यात बांधलेल्या भाकरी आणि शेंगाचटणी.

“घरातली म्हणाली, पोरगी काय खातीया बघून ये. आणि काल काय करायलीस गं? खाली आमच्या भांड्यांवर धाडकन आवाज आला.”

“पडलं काका. छताला लागून.”

“त्रिंबकचं छताला कधी न्हाय लागलं.”

“माहीत आहे.”

“कपाटाला लागायचं. कपाट बघ की, पोचे मोज. मी म्हणायचो, त्रिंबक, कपाट विकताना ह्ये गोळीबारातलं हाय म्हणून सांग.”

मी हसले. बऱ्याच दिवसांनी माझाच आवाज मला ऐकू आला. मग सांगून टाकलं: रिमोट, लाल बटण, सगळं. व्हिडिओचंही सांगितलं, न बघता छान म्हटलं ते. ते कुणाला सांगीन असं वाटलं नव्हतं.

काका भाकरीचं फडकं सोडत होते. “तो व्हिडिओ मीच काढला होता,” ते म्हणाले.

“तुम्ही?”

“व्हय. दोन्ही हात त्याचे रिमोटवर, मग काढणार कोण? पण निम्मा व्हिडिओ माझ्या बोटाचाच हाय. बोट भिंगावर आलं. लई बोलला मला. म्हणला, निंगप्पा, पोरीला तुझं बोट पाठवू का? मी म्हणलं पाठव, वळखंल.”

“पुन्हा काढला नाही?”

“बॅटऱ्या संपल्या. म्हणला, जाऊं दे, होळीला येणारच हाय ती.”

होळीला मी आले नव्हते. दोघांनाही ते माहीत होतं. काकांनी चटणीवर तेल ओतलं.

“आण बघू तो धोटा,” ते म्हणाले. “आणि त्रिंबकचं भिंग कुटंय?”

टॉवेलातले दोरे मोजायचं अण्णांचं घडीचं भिंग मी पेटीत बांधलं होतं. शोधून काढलं. काका खिडकीपाशी गेले आणि डोळा लावून बराच वेळ धोटा फिरवत राहिले.

“खूण न करता त्रिंबक उघडंल व्हय? ह्ये बघ. तांबडं हाय.”

बोर्डाच्या एका कडेला राईएवढा लाल ठिपका होता. दुसरा ठिपका सांगाड्याच्या नाकावर, म्हणजे पुढच्या बाजूला. चारही मोटरींखाली एक, दोन, तीन, चार ठिपके. रंग मी ओळखला. ते माझं नेलपेंट होतं, चुलतबहिणीच्या लग्नात घेतलेलं आणि इथंच राहिलेलं.

“पण हे दोन ठिपके एका रेषेत नाहीत काका. बोर्ड आडवा बसलाय.”

“न्हाईतच. डाव्या मागाचा भाग उजव्या मागावर बसवला की असंच आडवं येतंय. मग दुसरीकडनं तेवढंच फिरवून घ्यायचं. केबल खुपसायचं तोंड बघ, कुटं आलंय?”

“बाजूला.”

“नाकाकडं असतं तर दर आपटीला मोडलं असतं. म्हणून फिरवलं त्यानं. चुकून न्हाय बसवलं, बाई.”

म्हणजे त्यांनी बोर्ड पाव फेरा फिरवला होता आणि बोर्डालाही ते सांगून ठेवलं होतं. मी ते सांगणं पुसलं. म्हणून धोट्याला आपलं नाकच कळेना.

“आणि दांड्या?” मी विचारलं. “त्या कशाला उलट्या केल्या?”

काकांनी भिंग मिटलं. “त्याचा अंगठा मागात गेला, तो डावा का उजवा?”

अण्णांच्या डाव्या अंगठ्याला वरचं पेर नव्हतं. मी तिसरीत असताना मागाच्या दातेरी चाकांत सापडून गेलं. माझ्या पुस्तकांना कव्हरं घालताना, माझी वेणी घालताना, ताटात भाकरी मोडताना तो आखूड अंगठा मी इतकी वर्षं बघितला होता की मला तो आखूड दिसतच नसे. चढ-उताराची दांडी सारखी तोलून धरावी लागते, बारीक बारीक हलवावी लागते. ते काम त्यांनी धड अंगठ्याला दिलं होतं. आणि आखूड अंगठा पोचावा म्हणून डाव्या दांडीवर पेनाचं टोपण.

मी खणातून टोपण काढलं आणि परत बसवलं. ते घट्ट बसलं, आतून कागदाची पट्टी गुंडाळलेली होती.

“वेग कुठं लिहिलाय?” मी विचारलं. “दांडी किती हलवली की किती वळायचं, ते?”

“ते कशाला लिहील? ते हातात असतंय.” काका उठले. “भाकरी खा. आणि केस बांध. चार मोटरी फिरायल्यात, कारखान्यात असतीस तर जॉबरनं हाकलली असती.”

बोर्डाचा पाव फेरा आणि दांड्यांची अदलाबदल मी लॅपटॉपवर परत भरली. त्या दिवसापासून माझ्या दिवसाला एक माप आलं. अण्णांकडं पाच बॅटऱ्या होत्या. एकीवर धोटा जेमतेम चार मिनिटं उडे. ती भरायला पाऊण तास लागे. चार मिनिटं उडवायचं आणि पाऊण तास घरातलं सामान बांधायचं. एका बॅटरीत आईची भांडी झाली. एकीत कपड्यांचं कपाट. एकीत अण्णांची हत्यारं, ती मी काकांना द्यायला वेगळी ठेवली. पुस्तकांना दोन लागल्या. मी पुस्तकातली माणूस. दुःखावर काय वाचावं हे मी इतरांना सुचवते. त्या दिवसांत एकही उघडलं नाही. मधेच वाचत बसले तर बॅटरी भरून वाया जाईल, असं स्वतःला सांगितलं.

पंखा बंद, खिडक्या बंद. बाहेर मागांची खडखड चालू, पण बंद खोलीत ती दूर गेल्यासारखी वाटे आणि धोट्याची भुणभुण तेवढी राही. जमिनीपासून वीतभर उंचीवर तो डळमळतो, कारण त्याचाच वारा खालून परत येतो. छताजवळ नेला तर छत त्याला ओढून घेतं. भिंतीजवळ गेला तर भिंतीकडंच झुकतो. हे कुठं लिहिलेलं असेल, पण मला ते अंगठ्यांतून कळलं. उजव्या दांडीवर उजवा अंगठा, अण्णांप्रमाणे. माझा डावा अंगठा धड आहे, मी दांड्या सरळ करू शकले असते. केल्या नाहीत. टोपणामुळं माझ्या डाव्या अंगठ्याला उंची जास्त व्हायची आणि संध्याकाळपर्यंत मनगट दुखायचं.

चौथ्या दिवशी तो गुडघ्याच्या उंचीवर दहा आकडे मोजेपर्यंत स्थिर राहिला. सहाव्या दिवशी एका मोटरीची तार तुटली. अण्णांच्या मेजावर बसून मी सोल्डरिंग केलं, तर्जनी भाजली, जोड लिंबाच्या बीएवढा जाड झाला आणि धोटा त्या बाजूला कलायला लागला. तो उकरून पुन्हा केला. पुन्हा. तिसऱ्यांदा बारीक जमला. उकरायच्या आधी मी दर वेळी तार कुठल्या ठिपक्याला होती ते कागदावर काढून ठेवलं.

वेगाचं मात्र काही सापडेना. लॅपटॉपवर मी आकडे वाढवले की धोटा चवताळल्यासारखा वळे, कमी केले की गाढवासारखा अडून बसे. अण्णांचा आकडा या दोहोंच्या मध्ये कुठंतरी होता. मी अंदाज करत राहिले. ते फोनवर बोलताना वाक्य संपवून थांबत, समोरच्याला वेळ देत, तसाच धोटाही उडवत असतील? की एकटे असताना जोरात नेत असतील? कपाटाचे पोचे मोजले. एकोणीस होते. म्हणजे निदान तिथं तरी जोरात. मला अण्णांविषयी हे माहीत नव्हतं. विचारायला कुणी नव्हतं. मला झेपेल असा आकडा मी ठेवला. तो त्यांचा नाही, हे मला माहीत होतं.

फेरी जमत नव्हती. तीन कडी व्हायची आणि चौथ्याला, उंबऱ्यावर, धोटा माझ्या नजरेआड जायचा. बाहेरच्या खोलीत उभी राहिले तर स्वयंपाकघर दिसेना, तिकडं गेले तर खाट दिसेना. सव्वीस तारखेला सतरंजी गुंडाळून फरशी पुसताना उंबऱ्याजवळ खडूची चार लहान वर्तुळं दिसली. अण्णांचं स्टूल आणून ठेवलं. चारही पाय बरोब्बर बसले. त्यावर बसले आणि मान फिरवली, तर सातही कडी दिसली. एक हात डावीकडं सरकले की दुसरं जाई, उजवीकडं सरकले की सहावं.

पुसत पुढं गेले तर स्वयंपाकघरात आणखी चार वर्तुळं होती, मोठी, सातव्या कड्याच्या पलीकडं. त्यांवर घरातली एकुलती प्लास्टिकची खुर्ची बसली. काका त्या संध्याकाळी अक्कलकोटला लेकीकडं निघाले होते. जिन्यात गाठून विचारलं.

“खुर्चीवर तुम्ही बसायचात का?”

“छे! बसूच द्यायचा न्हाय. व्हिडिओ काढताना मी ओट्याला टेकून हुबा. खुर्ची रिकामीच. फेरी झाली की धोटा त्या कड्यातनं येऊन खुर्चीत बसायचा, पाव्हण्यावानी.” काकांनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली. “म्हणायचा, हितनं बघितलं की सगळं दिसतंय. समोरनं येतंय. बघणाऱ्याची जागा हाय ही.”

“कुणाची?”

“आता कुणाची, कीर्ता.”

एस.टी. चुकेल म्हणून ते गेले. सातवं कडं कसं वाटलं, असं अण्णांनी मला फोनवर विचारलं होतं. मग वर येऊन पाचही बॅटऱ्या भरायला लावल्या.

तीस मे. घर रिकामं झालं होतं. टेम्पो सकाळी सामान घेऊन गेला होता. खाट, कपाट, स्टूल आणि खुर्ची मागं ठेवायला मी सांगितलं होतं, ती काकांकडं जायची होती. रिकाम्या घरात धोट्याचा आवाज वेगळा येत होता, मोठा आणि पोकळ.

पहिल्या बॅटरीत दुसऱ्या कड्याला खाटेचा पाय लागला. दुसरीत चौथ्यापर्यंत. तिसरीत सहा झाली. सातव्यासाठी धोटा वळवला आणि ओट्यावर घातला. पातं बदललं. घाम पापण्यांतून डोळ्यांत येत होता. चौथीत पुन्हा सहा. पाचवी बॅटरी लावण्यापूर्वी मी उठून तोंड धुतलं, केस पुन्हा बांधले आणि खुर्ची वर्तुळांवर आहे ना ते बघितलं.

चाळणी. खाटेखालून, फरशीला जवळजवळ चिकटून. वर, पंख्याच्या स्तब्ध पात्यांजवळून, कुकरच्या रबरातून. उंबरा. पाचवं. सहावं. सहाव्यानंतर धोटा वळतो आणि सातव्याकडं आडवा जातो. कडं लहान आहे, बसलेल्या माणसानं हात पुढं केला तर जिथं येईल तेवढ्या उंचीवर. मी इतका वेळ तिथं घाई करत होते. या वेळी उजवा अंगठा थोडा सैल केला आणि धोट्याला हवेत थांबू दिलं. एक, दोन. मग पुढं. तो रिंगेतून गेला, लाकडाला न लागता, आणि खुर्चीत उतरला. एक कोन जरा आपटला. पाती थांबली.

मला वाटलं होतं की फेरी झाली की ती बघितली असं होईल. तसं झालं नव्हतं. उडवताना मला फक्त पुढचं कडं दिसत होतं आणि त्या कड्यात धोट्याची पाठ. फेरी उडवणाऱ्याला दिसत नाही. अण्णांनासुद्धा दिसली नसणार.

मी रिमोट स्टुलावर ठेवला. स्वयंपाकघरात गेले, धोटा उचलला आणि खुर्चीत बसले. काका म्हणाले होते ते खरं होतं. तिथून सगळं दिसत होतं: माझी रिंग, तिच्यातून सहावं, पाचवं, उंबरा, आणि उंबऱ्याशी स्टूल. स्टुलावर रिमोट, डाव्या दांडीवर निळं टोपण. धोट्याच्या मोटरी गरम होत्या. मी त्या मुठीत धरून बसले, निवेपर्यंत.

“बघितली,” मी म्हटलं. पुढचं मला म्हणता आलं नाही.

मग उठले. कडी काढायला सातव्यापासून सुरुवात केली. प्रत्येक कडं काढण्यापूर्वी फरशीपासूनची त्याची उंची आणि स्टुलापासूनचं अंतर दोऱ्यानं मापलं, दोऱ्याला गाठी मारल्या आणि तो दोरा त्या कड्यालाच बांधला. सांगलीचं माझं घर एका खोलीचं आहे. तिथं तीनच कडी बसतील. पण दोरे सातही घेतले.

सगळं पिशवीत भरून झाल्यावर पंख्याच्या बटणापाशी आले. ‘आधी हे.’ चुना लावणारे उद्या येणार होते. अक्षरांना हात लावला नाही. बटण दाबलं, पंखा फिरायला लागला, आणि मी त्याखाली उभी राहिले.